डायला हात लावण्याआधी

तळोजा एमआयडीसीत पितळेच्या पत्र्यापासून टोपणं, फेरूल, नळकांडी असं डीप ड्रॉचं काम करणारे छोटे कारखाने आहेत. त्यांना डाय-पंच करून देणं आणि बिघडलेली डाय पुन्हा चालती करणं हा माझा धंदा. पोलाद कळंबोलीच्या बाजारातून येतं, पितळ मुंबईच्या गुलालवाडीतून किंवा थेट जामनगरहून. माल फाटला, चिरला, मापात बसला नाही की सगळ्यांचा पहिला फोन डायवाल्याला.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एका फोनची भर पडली. माझा भाचा टेक्सासात राहतो, आणि त्याला रायफलने लांबच्या निशाण्यावर नेम धरायचा छंद आहे. तिथे स्वतःपुरती काडतुसं पुन्हा भरायला कायद्याची मनाई नाही. गोळी सुटताना पितळेची पुंगळी फुगते. ती रिसायझिंग डायमध्ये दाबून मापाला आणायची, प्रायमर, म्हणजे बुडातली पेट घेणारी टोपी, बदलायचा आणि पुढे जायचं. काही अडलं की तो फोटो पाठवून विचारतो, "मामा, डाय बदलू का?"

आपल्याकडे हे घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि त्या कायद्यातल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग व तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणून माझ्या टूलरूममध्ये काडतुसाची डाय बनत नाही आणि दुरुस्तही होत नाही. आपल्या बहुतेक नेमबाजांना हा प्रश्न पडतही नाही. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याच्यात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि पिन ती कड चेपते. ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी उरत नाही.

पण पितळ इथलं असो की टेक्सासातलं, डायमध्ये दाबलं की ते सारखंच वागतं. दोन्हीकडच्या तक्रारी ऐकून जे पक्कं झालं ते लिहितो. डाय बहुतेक वेळा निर्दोष असते. तिच्यात येण्याआधी पितळाचं जे काही झालेलं असतं, ते डायमध्ये दिसतं.

१. पितळ कुठलं, ते आधी विचारा

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रमाण किती, हे माल विकत घेणाराही पुष्कळदा विचारत नाही. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त हे पितळ फार खोल ओढता येतं, म्हणूनच जगभर त्याला काडतुसाचं पितळ म्हणतात. जस्त साधारण ३५ टक्क्यांच्या आत असेपर्यंत सगळा धातू एकाच जातीच्या कणांचा असतो आणि थंडपणीच मुकाट आकार घेतो. जस्त ४० टक्क्यांकडे गेलं की दुसऱ्या जातीचे कडक कण मध्ये येतात. ६०:४० पितळ तापवून ठोकायला चांगलं. त्यात थोडं शिसं घातलं तर लेथवर सुंदर कापलं जातं, नळाचे भाग त्याचेच होतात. मात्र ते थंड ओढायला जाऊ नये. या दोहोंच्या मधलं ६३:३७ स्वस्त पडतं आणि उथळ कपाला चालतं. कप खोल झाला की तेच पितळ तळाच्या वळणावर फाटतं.

एका गिऱ्हाइकाची जुनी, चालती डाय अचानक माल फाडू लागली होती. डाय माझ्याकडे आली, मी मापं घेतली, सगळी जागच्या जागी. मग पत्र्याची पावती मागवली. व्यापारी बदलला होता आणि नवा पत्रा ६३:३७ चा होता. दिसायला दोन्ही पिवळे. तेव्हापासून दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक डायबरोबर मी दोन तुकडे मागतो, एक चांगल्या लॉटमधला आणि एक बिघडलेल्या.

भाच्याकडे हेच वेगळ्या रूपात घडतं. रेंजवर वेचलेल्या पुंगळ्या चार कंपन्यांच्या असतात. कोणाची भिंत जाड, कोणाची मान कडक. एकाच सेटिंगवर त्या एकसारख्या मापाला येणार नाहीत. बुडावरची छाप बघून वेगळ्या केल्या की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

२. दाबलेलं पितळ थोडं परत फिरतं

डायचं भोक १२.०० मिलिमीटर आहे म्हणून माल १२.०० चा निघत नाही. दाब सुटला की धातू थोडा परत फिरतो. किती फिरेल हे दोन गोष्टींवर ठरतं, तो किती कडक झालाय आणि मुळात किती ताठ आहे. पोलादाचा लवचीकतेचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो, पितळाचा ११० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच ताणाखाली पितळ जवळपास दुप्पट परत फिरतं. पोलादी पत्र्याच्या सवयीने डाय करणारा कारागीर इथे चकतो.

यातून निदानाची एक सोपी रीत हाती येते. डाय बदललेली नाही, सेटिंग हललेलं नाही आणि तरी एकाच लॉटमध्ये मापं पसरली आहेत, तर कडकपणा पसरलेला आहे. डाय सगळा माल एका दिशेने चुकवते. माप कधी इकडे कधी तिकडे जात असेल तर भट्टीकडे जा.

पुष्कळदा वापरलेली पुंगळी याच कारणाने हट्टी होते. दर वेळी फुगते, दाबली जाते, कडक होत जाते आणि जास्त परत फिरते. भाच्याच्या हाताला ते आधी कळतं, रायफलचा बोल्ट बंद करताना जोर लागू लागतो. डाय खाली घेऊन तात्पुरतं भागतं. पितळ नरम केल्याशिवाय खरा इलाज होत नाही.

३. ताव देणं हे डोळ्याचं काम समजू नका

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम बघत उभं राहिलं की कळतं, ठोकणं जितकं महत्त्वाचं तितकंच मध्ये मध्ये तापवून नरम करणं. ठोकलं की धातू कडक होतो, तापवला की त्यातले कण नव्याने बांधले जातात आणि तो पुन्हा वळायला तयार होतो. ७०:३० पितळ पूर्ण नरम असताना विकर्स मोजपट्टीवर ६५ च्या आसपास असतं. खूप ओढलेलं १८० च्या वर जातं. हा सगळा फरक भट्टीत मिटतो, आणि भट्टीतच माल कायमचा बिघडूही शकतो.

तांबट पिढ्यान्‌पिढ्या रंग बघून काम करतात, कारण त्यांची जागा, उजेड आणि नजर पक्की असते. तळोज्याच्या शेडमध्ये शटर उघडं, दुपारचं ऊन आत, वर पत्र्यातून येणारा प्रकाश. अंधाऱ्या कोपऱ्यात पितळाला अगदी पुसट लाली ५०० अंश सेल्सिअसच्या जवळपास दिसू लागते. उन्हात तीच लाली दिसेपर्यंत थांबलात तर पितळ शंभराहून जास्त अंश पुढे गेलेलं असतं. म्हणून थर्मोकपल लावा, ते परवडत नसेल तर ठरावीक तापमानाला वितळणारा खडू मालावर ओढा. तो खडू डोळ्यापेक्षा विश्वासाचा.

जास्त तापलं तर काय होतं? कण मोठे होतात. बारीक कणांचा, म्हणजे ०.०१५ ते ०.०३५ मिलिमीटरचा पत्रा ओढल्यावर गुळगुळीत राहतो आणि बफिंग कमी लागतं. कण ०.०७ च्या पुढे गेले की पत्रा खोल जातो खरा, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. ही साल दिसली की कारखानदार म्हणतो, डायला पॉलिश कमी पडलं. डायला कितीही आरसा केलात तरी ती साल जाणार नाही. आणखी तापवलं तर पृष्ठभागावरचं जस्त उडू लागतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पण त्याच्या आधीच पांढरा धूर यायला लागतो. तो धूर छातीत गेलेल्या कामगाराला रात्री थंडी वाजून ताप येतो, ओतकामवाल्यांना हा ताप चांगला माहीत आहे. भट्टीवर एक्झॉस्ट फॅन नसेल तर मी तिथलं काम घेत नाही.

आणखी एक गैरसमज वारंवार भेटतो. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, म्हणून नरम करायचं पितळ राखेत हळूहळू थंड करायचं. ७०:३० पितळाला हवेत, राखेत किंवा पाण्यात थंड केलं तरी नरमपणा तोच राहतो. ठरतं ते तापमानावर आणि वेळेवर. पाण्यात बुडवल्याने वरची पापडी सुटते आणि माल लवकर हाताळता येतो, एवढाच फायदा.

पुंगळीच्या बाबतीत मात्र एक अट आहे, आणि ती मी भाच्याला पुन्हा पुन्हा सांगतो. ताव फक्त मान आणि खांद्याला. बूड नरम झालेली पुंगळी पन्नास हजार पौंड प्रति चौरस इंचाच्या घरातला दाब सोसू शकत नाही आणि तो दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. कारखान्यातसुद्धा पुंगळी अशीच घडते, बूड ठोकून कडक ठेवतात आणि शेवटचा ताव मानेला देतात. सैन्याच्या पितळी काडतुसांच्या मानेजवळ निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो त्याच तावाचा डाग. तो मुद्दाम पुसत नाहीत, तपासनिसाला ताव दिल्याचं दिसावं म्हणून. बाजारातल्या चकचकीत काडतुसांवरून तो घासून काढलेला असतो, इतकंच.

४. भेग कुठे आहे, कशी आहे आणि कधी पडली

या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी डाय उघडत नाही. तळाच्या वळणावर गोल फाटलं तर पंचाची त्रिज्या बारीक आहे, पत्रा धरणाऱ्या होल्डरचा दाब जास्त आहे किंवा एका फटक्यात फार खोल जायचा हट्ट आहे. पितळाचा पहिला ड्रॉ व्यास निम्म्याच्या आसपास आणतो, पुढचे ड्रॉ पाचवा-चौथा हिस्सा इतकेच घ्यावेत आणि मध्ये ताव द्यावा. काठावर सुरकुत्या पडल्या तर होल्डर सैल आहे. काठाला चार कान उभे राहिले तर पत्रा लाटताना कण एका दिशेला झुकलेले आहेत, त्याला डाय काही करू शकत नाही, काठ कापावाच लागतो. तोंडापासून खाली उभी भेग प्रेसवरच पडली तर माल कडक झाला होता.

आणि उभी भेग प्रेसवर नाही, गोदामात काही दिवसांनी पडली, तर ते प्रकरण वेगळं. त्याला मी खाली स्वतंत्र जागा ठेवली आहे.

भाच्याच्या पुंगळ्यांना हीच वाचनाची रीत लागू पडते. मानेला उभी चीर म्हणजे ताव हवा. बुडाच्या थोडं वर आडवी चकाकणारी रेघ म्हणजे पुंगळी तिथे पातळ झाली आहे आणि पुढच्या बाराला तुटू शकते. पहिली दुरुस्त होते, दुसरी फेकायची.

५. वंगण कमी पडलं तर अडकतं, जास्त झालं तर पोचे येतात

डायमध्ये अडकलेला माल पितळाच्या कामातली रोजची कटकट आहे. कोरडं पितळ पोलादाला चिकटतं, चिकटलं की पुढचा माल त्यावर घासतो, आणि एका क्षणी प्रेस वर जातो पण माल डायमध्येच राहतो. पंच ठोकून तो बाहेर काढू नका. भाच्याची पुंगळी अशी अडकली तेव्हा त्याला बुडाला भोक पाडून, आटे पाडून, स्क्रूने ओढून काढायला सांगितलं. प्रायमर आधी निघालेला होता याची खात्री करूनच. जिवंत प्रायमरवर ड्रिल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

उलट बाजूची चूक जास्त फसवी असते. वंगण भरपूर झालं की खांद्यावर गोल पोचे दिसू लागतात आणि माणूस डायच्या आत फुगवटा शोधत बसतो. आत काही नसतं. तेल दाबलं जात नाही, त्याला बाहेर जायला वाट नसेल तर ते पितळालाच आत ढकलतं. डायला बारीक वाट असते, ती मेणकट घाणीने बुजलेली असते. सुईने साफ केली की पोचे थांबतात. खोल कपाच्या पंचाला हवेचं भोक का लागतं, याचंही कारण हेच.

वंगण कोणतं? गंधकाचं तेल पोलादाला उत्तम, पितळाला काळं करतं. साबणाचं दाट पाणी, वनस्पती तेलं, मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन ही पितळाची जुनी सोबती वंगणं. भाचा लॅनोलिन अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारतो, अल्कोहोल उडू देतो आणि मगच डायकडे जातो. मानेच्या आतही हात फिरायला हवा. आत कोरडं राहिलं तर परत येताना डायच्या आतल्या दांड्यावरचा गोळा मान ओढून लांब करतो, आणि माणूस पुंगळ्या का वाढतात म्हणून पुन्हा डायकडे बघतो. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर. त्याच्या पुढे गेलेली कापलीच पाहिजे, नाहीतर तिचं तोंड चेंबरमध्ये चिमटतं, गोळी सुटायला अडते आणि दाब धोकादायक वाढतो.

६. प्रत्येक मालावर एकाच जागी उभा ओरखडा

डायला पितळाचा कण चिकटलेला आहे. पोलादी घाणीचा असेल तरी उपाय तोच. एमरीने आडवं घासू नका. लाकडी दांडा मापाला उतरवा, त्यावर हिऱ्याची पेस्ट लावा आणि माल ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने घासा. ओरखडा जागा बदलत असेल तर दोष मालावरच्या धुळीचा आहे, धुवा.

७. प्रेस ओझ्याखाली वाकतो

सी फ्रेमचा प्रेस ओझं आलं की तोंड उघडतो. डोळ्याला दिसत नाही, डायल गेजला दिसतं. रिकामा प्रेस खाली आणून डाय टेकवली आणि नट आवळला, तर ते सेटिंग रिकाम्या प्रेसचं झालं. माल आत गेला की तीच डाय काही शतांश मिलिमीटर वर राहते. नव्या सेटरला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, सेटिंग मालावरच बघायचं आणि तेही त्या लॉटमधल्या सर्वांत कडक मालावर.

भाच्याचा हातप्रेस छोटा असला तरी असाच वागतो. डाय पायाला टेकलेली दिसते आणि पुंगळी घातली की दोहोंमधून बारीक उजेड दिसतो. तो उजेड म्हणजे पुंगळीचा खांदा अजून वर आहे. डाय टेकल्यावर आणखी फिरवायचा, सूचनापत्रकात लिहिलेला पाव आटा एका प्रेसला पुरतो, दुसऱ्याला नाही. खांद्यावर बसणारं गेज घेऊन मोजलं की वाद संपतो.

मोजताना माल गार असू द्या. १२ मिलिमीटर व्यासाचा पितळी भाग खोलीपेक्षा ३० अंश गरम असेल तर सुमारे ७ मायक्रॉन मोठा दिसतो. मे महिन्यातल्या तळोज्यात, पत्र्याच्या शेडखाली, प्रेसवरून नुकत्याच उतरलेल्या मालाला ३० अंश काहीच नाहीत.

८. गरजेपेक्षा जास्त दाबू नका

मापात बसलं की थांबायचं. हे सोपं वाटतं, पण डाय तळाला टेकेपर्यंत दाबायची सवय हाताला फार लवकर लागते. भाच्याच्या बोल्ट रायफलला खांदा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे गेला तरी पुरतं. त्याहून मागे ढकलला तर बार उडताना बूड मागे टेकेपर्यंत पुंगळी ताणली जाते, दर वेळी त्याच जागी, बुडाच्या जरा वर. काही वापरांनंतर तिथे आतून खाच पडते. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून खालून वर ओढली की नखाला खाच लागते तशी ती तारेला लागते.

आमच्या कामात तोटा जिवाचा नसतो, पैशाचा असतो. भिंत गरजेपेक्षा पातळ ओढलेलं टोपण आटे पाडताना चिरतं आणि दोष थ्रेड रोलिंगवाल्याच्या माथी जातो.

९. पावसाळा, अमोनिया आणि महिनाभराने पडणारी भेग

ही गोष्ट पितळाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि ती आपल्याच देशात घडली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांच्या आसऱ्याला ठेवली जात. पाऊस सरला की काही पुंगळ्या चिरलेल्या सापडत. डागलेल्या नव्हेत, नुसत्या ठेवलेल्या. ऋतूचा दोष म्हणून त्याला इंग्रजीत सीझन क्रॅकिंग नाव पडलं, आणि कारण कळायला फार काळ गेला. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते उलगडून मांडलं. पितळ ओढताना त्याच्यात ताण दडून राहतो. घोड्यांच्या मुतातून अमोनिया हवेत येतो. दमट हवेत तो पितळावर बसतो, कणांच्या सांध्यांमधून आत शिरतो आणि दडलेला ताण ती चीर उघडत नेतो. नुसता ताण असता तर पुंगळी टिकली असती. नुसता अमोनिया असता तर डाग पडला असता. दोन्ही एकत्र आले की भेग पडते.

उपाय सोपा निघाला. तयार माल सुमारे २५० अंशांवर तासभर ठेवायचा. तेवढ्याने पितळ फारसं नरम होत नाही, कडकपणा राहतो, पण दडलेला ताण सुटतो.

तळोज्याला घोडे नाहीत. दमट हवा मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगाला चिकटून असते आणि अमोनिया अनेक वाटांनी येतो. शेजारचं स्वच्छतागृह, गोठा, पितळ चकाकवायच्या काही द्रवांमध्ये मुळातच असलेला अमोनिया, कल्हई-डागकामात वापरतात तो नवसागर. एका गिऱ्हाइकाच्या गोदामात चिरलेला माल नेमका एका ओळीतल्या खोक्यांतच सापडत होता. बाकी सगळा धड. वर बघितलं तर तुळईवर कबुतरांची वस्ती होती आणि विष्ठा थेट त्या खोक्यांवर पडत होती. मालकाने डाय बदलण्याची ऑर्डर तयार ठेवली होती. जाळी बसवली, माल उतरल्यावर ओव्हनमध्ये ताण सोडवायची पायरी घातली, आणि तीच डाय आजही चालते.

आपला माल ताणलेला आहे का, हे आधी कळू शकतं. पूर्वी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात तुकडा बुडवून बघत. तो क्षार विषारी आहे, मी कुणाला सुचवत नाही. बंद बरणीत अमोनियाच्या वाफेवर तुकडा टांगून दिवसभर ठेवला आणि मग भिंगाखाली पाहिला की ताणलेला माल भेगा दाखवतो. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं. पावसाळ्याआधी पाठवायच्या प्रत्येक मोठ्या लॉटमधले चार तुकडे असे तपासले तर जुलैतले फोन वाचतात.

१०. धुलाई ही शेवटची पायरी नाही, पहिली आहे

ताव दिल्यावर पापडी काढायला सल्फ्युरिक आम्लाचं पातळ द्रावण पुरतं. त्यात लोखंडी चिमटा किंवा तार बुडवू नका. द्रावणातलं तांबं मालावर उतरतं आणि पिवळं पितळ गुलाबी होतं. चिंचेत रात्रभर राहिलेल्या भांड्यावर जो तांबूस डाग दिसतो, तिथे मात्र जस्त निघून तांबं वर राहिलेलं असतं. बुडवायला तांब्याची किंवा प्लॅस्टिकची जाळी घ्या, आणि पाणी दोनदा बदला. आम्ल राहिलेला माल डायमध्ये गेला की डायला गंज चढतो, आणि गंजाचा खड्डा पॉलिशने निघत नाही. भाच्याने पुंगळ्या ड्रममध्ये फार वेळ फिरवल्या तर त्यांची तोंडं एकमेकांवर आपटून चेपतात, वेळ कमी केला की थांबतं.

११. डाय खरंच दोषी असते तेव्हा

असते, तेव्हा ती स्पष्ट बोलते. सगळा माल एकाच बाजूला मोठा निघतो. बोअर गेज तोंडाशी एक आकडा दाखवतो, आत दुसरा, म्हणजे तोंड घासून पसरलं आहे. एचसीएचसीआर पोलादाची डाय ५८ ते ६२ रॉकवेलपर्यंत कडक केलेली असते, तरी लाखो फटक्यांनी तिचं तोंड खुलतंच. किंवा नखाला बारीक रेघ लागते, रंग शोषणारं द्रव लावलं की ती लाल उमटते, म्हणजे डाय चिरली आहे. चिरलेली डाय त्याच क्षणी प्रेसवरून उतरवा, ती फुटली तर तुकडे माणसापर्यंत जातात.

नुसतं तोंड पसरलं असेल तर भोक पुन्हा घोटून पुढच्या मोठ्या मापाला वापरता येतं, त्याच मापाला नाही. मोठा लॉट असेल तर मी कार्बाईडची रिंग सुचवतो. किंमत अंगावर येते, पण पितळ तिला फार कमी चिकटतं आणि माप महिनोन्‌महिने हलत नाही. ती रिंग पोलादी कवच तापवून आत बसवावी लागते, म्हणजे कवच गार होताना तिला चहूबाजूंनी आवळतं. कार्बाईड दाब कितीही सोसतं, ताण आला की तडकतं. कवचाशिवाय नुसती रिंग बसवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणतो आणि ती रिंग त्याच्यासमोर फळ्यावर काढून दाखवतो, ताण कुठे येईल आणि पहिली भेग कुठून निघेल ते.